बशीच्या काठावरचा जोड

माझ्याकडे विलो नक्षीची एक जुनी बशी आहे. चोर बाजारात घेतलेली, काठाला टवका उडालेली, म्हणूनच परवडलेली. पांढऱ्यावर निळं चित्र: लोंबत्या फांद्यांचं विलोचं झाड, पूल, पुलावरून चाललेली तीन माणसं, वर आभाळात दोन पक्षी. घरी आणून धुतली आणि काठावरची जाळीची नक्षी बघत हातात गोल फिरवली, तर एका जागी नजर अडकली. जाळीतला एक चौकोन अर्धाच होता आणि त्याला खेटून पुढचा पूर्ण चौकोन सुरू झाला होता. ब्लाउजच्या शिवणीवर कापडातली फुलं जुळत नाहीत ना, अगदी तसं.

फसलो, असंच आधी वाटलं. मग या विषयावर वाचत गेलो आणि कळलं की ही शिवण म्हणजेच बशीचा जन्मदाखला आहे. नक्षी हाताने रंगवली असती तर अर्धा चौकोन उरलाच नसता. रंगवणाऱ्याने शेवटचे चार चौकोन थोडे ताणून नाहीतर दाबून बसवले असते. चित्र आधी कागदावर छापायचं, तो कागद कात्रीने कापायचा आणि हाताने भांड्यावर बसवायचा, अशा कामातच असा अर्धा चौकोन राहतो. या पद्धतीला ट्रान्सफर प्रिंटिंग म्हणतात.

बबलगमबरोबर मिळणारा टॅटू आठवा. कागद मनगटावर पालथा ठेवायचा, पाणी लावून दाबायचा आणि सोलून काढायचा, की चित्र मनगटावर. तत्त्व एवढंच. पण मनगटाच्या जागी भाजलेली माती आली, आणि ते चित्र पुढची दोनशे वर्षं रोजच्या धुण्या-घासण्यात टिकायला हवं असलं, की प्रकरण अवघड होतं.

निळाच का?

कारण दुसरा रंग टिकतच नव्हता. भांडी भाजणारी भट्टी हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तेवढ्या उष्णतेत बहुतेक रंग जळतात, उडून जातात नाहीतर भलतेच होऊन बाहेर येतात. कोबाल्ट मात्र तग धरतो. चीनमधल्या जिंगदेझेनच्या कुंभारांनी चौदाव्या शतकात इराणकडून आलेला कोबाल्ट वापरून पांढऱ्या पोर्सेलीनवर निळी चित्रं काढली आणि निम्म्या जगाला वेड लावलं. आपणही त्या चकाकत्या भांड्यांच्या मातीला सरळ ‘चिनी माती’च म्हणतो. दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाचं नावदेखील त्याच्या भिंतींवरच्या झिलईदार फरशांवरून पडलं.

युरोपला कोबाल्ट मिळाला तो सॅक्सनीच्या खाणींत. तिथले खाणकामगार चांदी शोधत होते. हे खनिज चांदीसारखं दिसायचं, पण वितळवलं की चांदी निघायची नाही, उलट आर्सेनिकचा विषारी धूर निघायचा. खाणीतल्या ‘कोबोल्ड’ नावाच्या खोडकर भुताने चांदी पळवून हा कचरा ठेवला, अशी त्यांची समजूत. कोबाल्ट हे नाव त्या भुतावरूनच आलं.

आणखी एक गंमत म्हणजे भट्टीत जाण्याआधी हा रंग निळा नसतोच. कोबाल्ट ऑक्साइड काळपट दिसतं. वर झिलई, म्हणजे काचेसारखा चकाकता थर, चढून भांडं भाजलं गेलं की मग निळाई उमटते. मेंदीसारखंच: लावताना एक रंग, खुलताना दुसरा.

चहा, जहाज आणि जकात

चीनमधून इंग्लंडला जाणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांत खरा माल चहा. पोर्सेलीन जड आणि पाण्याला न भिणारं, म्हणून ते तळाला आणि भिजायला नको अशा चहाच्या पेट्या वर. चहा आला तिथे कपबशा पोहोचल्याच. पण चिनी कपबशी बड्या घरांची चीज होती.

१७८४ मध्ये ब्रिटिश संसदेने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरट्या चहाचा धंदा बसला आणि सामान्य माणसाच्या घरी उघडपणे किटली चढली. त्याला कपबशा हव्या होत्या. दुसरीकडे चिनी भांड्यांवरची जकात चढत गेली आणि १७९१ मध्ये कंपनीने चीनमधून ठोक पोर्सेलीन आणणं थांबवलं. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं आणि त्याच सुमाराला माल आटला. ज्यांच्याकडे आधीच चिनी सेट होते त्यांचीही अडचण झाली. एखादी बशी फुटली तर जोडीची आणायची कुठून? इंग्लिश कुंभारांनी अशा फुटलेल्या सेटांना जुळणारे नग बनवून देण्याचं कामही घेतलं. पुढे त्यांच्या निळ्या नक्षीवर चिनी छाप इतकी गडद राहिली, त्यामागे हेही एक कारण आहे.

भांड्यावर छापायची कल्पना मात्र याच्या तीसेक वर्षं आधीची. बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रुक्स नावाच्या कारागिराने १७५१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ती गाजवली लिव्हरपूलच्या दोघांनी. जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी २७ जुलै १७५६ रोजी, कुणाची मदत न घेता, सहा तासांत १२०० हून जास्त फरशा छापल्या आणि तसं प्रतिज्ञापत्रच करून दिलं. शंभर कुशल चितारी लावले असते तरी एवढं काम झालं नसतं, असा त्यात दावा होता. त्यात जाहिरातबाजी असेल, पण हिशोब ऐकणाऱ्याला कळला असणार.

फक्त एक उणीव होती. हे छापकाम झिलईच्या वर व्हायचं. तसबिरीच्या काचेवर बाहेरून काढलेलं चित्र आणि काचेच्या आत ठेवलेलं चित्र यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. बाहेरचं घासून घासून जातं. चित्र काचेच्या आत जायला हवं होतं, म्हणजे आधी चित्र, मग झिलई. वूस्टरच्या पोर्सेलीन कारखान्यात १७६० च्या आसपास निळ्या रंगात हे साधलं. पण पोर्सेलीन महागच. स्वस्त मातीच्या भांड्यांवर ते पक्कं बसवण्याचं श्रेय स्टोकच्या जोसाया स्पोड या कुंभाराला देतात, साल तेच, १७८४. त्याच्याकडे हे कसब आलं ते शेजारच्या श्रॉपशरमधल्या कॉघली कारखान्यातून आलेल्या कारागिरांबरोबर. कसबी माणसं फोडण्याचा उद्योग तेव्हाही होताच.

स्पोडचा परगणा म्हणजे स्टॅफर्डशर. तिथे कोळसा मुबलक होता. पांढरी माती मात्र डेव्हन-कॉर्नवॉलहून आणावी लागे आणि मातीत मिसळायची गारगोटी दक्षिणेच्या किनाऱ्यावरून. १७७७ मध्ये ट्रेंट-मर्सी कालवा पुरा झाला आणि ही ने-आण सोपी झाली. तयार बशाही त्याच पाण्यावरून बाहेर निघाल्या. खड्ड्यांच्या रस्त्यावरून घोड्यांच्या पाठीवर कपबशा नेण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मातीचा रंग तरीही थोडा पिवळसर राही. त्यावर काढलेला तोडगा आपल्याकडे कुणालाही समजावून सांगायला नको. धुतलेल्या पांढऱ्या शर्टाला नीळ देतात ना? तसंच झिलईत चिमूटभर कोबाल्ट घालायचा, पिवळेपणा मारला जातो आणि भांडं शुभ्र वाटतं. जोसाया वेजवुड या कुंभाराने १७७९ मध्ये आणलेल्या ‘पर्ल व्हाइट’ मालामागची युक्ती ही. जुनी बशी उलटी करून बुडाच्या कडीपाशी पाहा. जिथे झिलई साचली असेल तिथे निळसर झाक दिसते.

तांब्यापासून बशीपर्यंत

आता कारखान्यात जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

सुरुवात तांब्याच्या जाड पत्र्यापासून. कोरणारा कारागीर त्यावर रेघा आणि ठिपके खोदतो. रेघ जितकी खोल तितका रंग जास्त मावतो, आणि निळा तितका गडद येतो. म्हणजे या माणसाकडे रंग एकच. आभाळाची फिकट निळाई, झाडाची मधली आणि पुलाच्या सावलीची काळपट छटा तो फक्त खोलीच्या फरकाने काढतो. सुरुवातीच्या बशांवर नुसत्या जाड रेघा दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेघांच्या जोडीला बारीक ठिपके आले आणि चित्रात ढग, धुकं, अंतर दिसू लागलं. मोठ्या ताटाच्या बारीक चित्राला एकाच पत्र्यावर कित्येक आठवडे जात. आणि एक पत्रा पुरत नाही: ताट, खोलगट बशी, कप, झाकण, किटली, प्रत्येक आकाराला आणि मापाला वेगळा पत्रा. म्हणून नवी नक्षी बाजारात आणणं हा मोठ्या भांडवलाचा जुगार होता, आणि चाललेली नक्षी कुणी सहजी सोडत नसे.

एक बारकावा मला फार आवडतो. पुस्तकातली चित्रं कोरणाऱ्याला अक्षरं उलटी कोरावी लागतात, कारण कागदावर छापताना ती फिरतात. भांड्यासाठी कोरणारा मात्र सरळ कोरतो. पत्र्यावरून कागदावर येताना चित्र उलटं होतं, आणि कागद भांड्यावर पालथा बसला की पुन्हा सुलटं. दोनदा पलटून जागच्या जागी.

मग छापणारा. त्याच्यापुढे तापता ओटा. जवसाचं उकळलेलं तेल, डांबर आणि कोबाल्ट यांची शाई काकवीसारखी दाट. थंड झाली तर हलायचीच नाही, म्हणून पत्राही गरम ठेवायचा. शाई सगळ्या रेघांत दाबून भरायची, वरची सुरीने खरवडायची, आणि कॉर्डुरॉयच्या बोळ्याने पत्रा असा पुसायचा की सपाट तांबं लख्ख दिसलं पाहिजे आणि शाई फक्त खाचांत उरली पाहिजे. त्यावर पतंगाच्या कागदाइतका पातळ, पण चिवट कागद, साबणाच्या पाण्याने ओलावलेला. वर लोकरी कापड, आणि सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. कागद सोलला की त्यावर सगळं चित्र, ओलं आणि चिकट.

कागद लगेच पुढे जातो, शाई वाळायच्या आत. कात्री हातात असलेली मुलगी मधलं चित्र आणि काठाच्या पट्ट्या वेगळ्या कापते. कागद बसवणारी बहुधा बाई, आणि या कामातलं सगळ्यात नाजूक काम तिचं. तिच्यापुढचं भांडं एकदा भाजलेलं, पण बिनझिलईचं असतं. कारखान्यात त्याला बिस्किट म्हणतात. दिवाळीच्या आधी आपण नव्या पणत्या पाण्यात बुडवून ठेवतो, नाहीतर त्या तेल पितात. बिस्किट तसंच तहानलेलं. शाईतलं तेल ते धरून ठेवतं. बाई आधी मधलं चित्र बसवते. एकदा टेकवला की कागद सरकवता येत नाही. मग काठाची पट्टी. बशीचा काठ गोल आणि उतरता, पट्टी सपाट, म्हणून ती थोडी चुण्या घेत, थोडी कापत, वळवत न्यायची. फिरत फिरत सुरुवातीच्या जागी आलं, की पट्टी एकतर किंचित जास्त होते किंवा किंचित कमी पडते. कसलेल्या हाताची बाई जोड झाडाच्या पानांत नाहीतर फुलांच्या गर्दीत लपवते. माझ्या बशीवर जाळीची भौमितिक नक्षी आहे; तिथे लपायला जागाच नाही.

पट्टी बसली की साबण लावलेल्या राठ ब्रशने जोर लावून घासायचं. एवढा जोर की बघणाऱ्याला वाटावं, आता कागद फाटणार. मग भांडं पाण्यात. कागद सुटून वर येतो, शाई तेलाची असल्याने पाण्याला दाद देत नाही, आणि चित्र मातीवर राहतं.

पण आता तेच तेल अडचणीचं. झिलई पाण्यात कालवलेली असते. तेलकट तव्यावर पाणी टाकलं तर त्याचे थेंब होऊन पळतात, तशी ती चित्रावरून पळेल. म्हणून भांडं आधी सातशे अंशांच्या आसपास तापवून तेल जाळून टाकायचं. मग ते झिलईच्या पिंपात बुडवायचं. बाहेर येतं तेव्हा चित्र दिसतच नाही, पांढऱ्या लेपाखाली गेलेलं असतं. शेवटच्या भट्टीत लेप वितळून काच होतो आणि खालचं चित्र निळं होऊन वर दिसतं. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये मातीचे छोटे टोकदार टेकू ठेवत. त्यांचे बारीक ठिपके बशीच्या पाठीवर राहतात.

कात्रीवाली मुलगी

तिच्यावर थोडं थांबायला हवं. १८४१ मध्ये सॅम्युअल स्क्रिव्हन या अधिकाऱ्याने सरकारी चौकशीसाठी स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांच्या जबान्या घेतल्या. त्यांत या कागद कापणाऱ्या मुलीही आहेत. तापलेला ओटा, बंद खोली, दिवसभर उभं राहणं. झिलईत शिसं असायचं, त्यामुळे भांडी बुडवणाऱ्यांचे हात लुळे पडत, पोटात कळा येत. शिवाय अनेक कामगारांना मजुरी मिळायची ती भट्टीतून धड निघालेल्या नगांची. भट्टीत दुसऱ्याच्या चुकीने भांडं तडकलं तरी बुडाले ते बनवणाऱ्याचे पैसे. ‘यंत्रयुगातला स्वस्त छापील माल’ असं या बशांचं वर्णन सर्रास केलं जातं, आणि ते मला पटत नाही. स्वस्त होत्या, पण माझ्या या एका बशीला पाच-सहा माणसांचे तरी हात लागले असणार. यंत्र म्हणायचं तर ते दोन रूळ.

चित्रं कुणाची?

विलो नक्षीचं श्रेय अनेकदा थॉमस मिंटनला दिलं जातं. तो कॉघलीत कोरीवकाम शिकलेला. पूल, नाव, दोन पक्षी आणि पुढचं नागमोडी कुंपण असं आज ओळखीचं रूप मात्र १७९० च्या सुमाराला स्पोडकडे ठरलं. श्रीमंत मँडरिनची, म्हणजे चिनी सरकारी अधिकाऱ्याची, मुलगी, तिचं कारकुनावरचं प्रेम, पुलावरून पळून जाणं, शेवटी दोघांचे पक्षी होणं ही त्यावरची गोष्ट प्राचीन चिनी दंतकथा म्हणून सांगतात. ती इंग्लंडमध्ये रचलेली आहे आणि १८४९ साली तिथल्याच एका मासिकात आली. म्हणजे बशी आधी आणि दंतकथा अर्ध्या शतकाने नंतर. पुलावर तीन माणसं का, याचं उत्तरही त्यात बसवलेलं: मुलगी, प्रियकर आणि चाबूक घेऊन मागे लागलेला बाप. खोटी असो, पण बशीतली माणसं मोजायला लावते.

पुढे चिनी देखाव्यांचा कंटाळा आला आणि कोरणारे पुस्तकांवर तुटून पडले. प्रवासवर्णनं, शिकारकथा, जे छापलेलं मिळेल ते. इथे आपला देश येतो. बंगालमध्ये नोकरी केलेल्या कॅप्टन थॉमस विल्यमसन याच्या शिकारीच्या पुस्तकातली सॅम्युअल हॉविटची चित्रं स्पोडने १८१० च्या दशकात पूर्ण जेवणाच्या सेटवर उतरवली. जेवणाच्या ताटावर अस्वलाचा वध, दुसऱ्या एका नगावर झाडावरच्या बिबट्याला गोळी, आणखी एकीकडे कुत्र्यांना घेऊन निघालेले डोरिये, म्हणजे कुत्री सांभाळणारे नोकर. इंग्लंडातलं कुटुंब रविवारी भाजलेलं मांस संपवत जायचं, तसतसं ग्रेव्हीखालून हिंदुस्थानातलं अस्वल दिसू लागायचं! लाँगपोर्टच्या जॉन रॉजर्सने तर दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याजवळची एक पडकी इमारत थॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या चित्रातून उचलली. आज ती नक्षी ‘मोनोप्टेरॉस’ या चक्क ग्रीक नावाने ओळखली जाते. मूळ चित्रकारांना विचारायची रीत नव्हती. १८४२ च्या कायद्याने ही उचलेगिरी अवघड केली, आणि त्यानंतर बशांवर कुठलीच खरी जागा नसलेले काल्पनिक तलाव-मनोरे वाढले.

तोवर हिरवा, तपकिरी, गुलाबी असे इतर रंगही झिलईखाली टिकू लागले होते, तरी निळा हटला नाही. उलट भट्टीत मुद्दाम काही रसायनं ठेवून रंग पसरवलेला, शाई फुटल्यासारखा ‘फ्लो ब्लू’ निघाला. मला तो आवडत नाही, पण संग्राहक त्याच्यासाठी भरपूर मोजतात.

विसाव्या शतकात तयार छापील स्टिकर आले आणि टिश्यूचा कागद मागे पडला. बर्स्लेमच्या मिडलपोर्ट पॉटरीत बर्ली नावाने आजही जुन्याच पद्धतीने कागद घासून बशा बनतात.

बाजारात अशी बशी हाती आली तर मधल्या चित्राकडे नंतर बघा. आधी काठ फिरवून जोड शोधा. मग पाठीवरचे टेकूंचे ठिपके, बुडाच्या कडीतली निळसर झाक. चित्रावरून नख फिरवा; झिलईखालचं चित्र हाताला लागत नाही. आणि टवका असेल तर भाव पाडून घ्या, पण टवक्याला नाक मुरडू नका, कारण आतला सगळा कारभार तिथेच उघडा पडतो. माझ्या बशीच्या टवक्यात खाली पिवळट माती आहे, तिच्यावर केसाएवढी निळी रेघ, आणि तिच्यावर काचेचा पातळ थर. या बशीत रोज चहा ओततो. टवक्याच्या जागी आता तपकिरी डाग पडलाय. घासून जात नाही. तिथे झिलई नाही ना, माती अजून पितेय.